घरात कोण राहतं, एवढाच प्रश्न

आमच्या खोलीचं भाडं वडिलांनी एका महिन्यालाही थकवलं नाही. तरी नळ तोडला तो आमचाच.

कोल्हापूरच्या बाजूचं यंत्रमागांचं गाव. एका रांगेत आठ खोल्या, त्यातली पाचवी आमची. वडील मागावर बारा तासांची पाळी करायचे. आई घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायची. मालक राहायचे गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी तीन वर्षं घरपट्टी भरलेली नाही हे आम्हाला कळलं ते हलगीमुळे. थकबाकीदाराच्या दारात पालिकेची माणसं हलगी वाजवतात, लाजेकाजेनं तरी पैसे निघावेत म्हणून. पण कागदावर पत्ता होता आमच्या खोल्यांचा. त्यामुळे हलगी वाजली आमच्या दारात, आणि लाजली माझी आई. तिनं आतून कडी लावली आणि कांड्या भरत बसली. बाहेर गल्ली गोळा झाली होती.

पुढच्या आठवड्यात नळ गेला. चाळीस दिवस आम्ही कापड धुण्याच्या कारखान्यामागच्या व्हॉल्व्हवरून पाणी आणलं. मी नववीत होते. सकाळच्या शाळेचे पहिले दोन तास रोज बुडायचे. एक दिवस मीच भाड्याच्या चिठ्ठ्या घेऊन पालिकेत गेले. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठ्या पाहिल्या, मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "यात तुझ्या बापाचं नाव कुठं आहे, ते दाखव पोरी," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. नाव खरंच नव्हतं.

त्यानंतर मी बी.कॉम. झाले. आईकडचं आणि वडिलांकडचं धरून आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच. निकालाचा कागद वडील कारखान्यात घेऊन गेले. मुकादमानं टक्के विचारले तर म्हणाले, "ते तिला विचारा. मला पास झाली एवढं कळतंय."

लग्न होऊन अमेरिकेत आले. नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत, घर पार्सिपनीला. पहिली काही वर्षं काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर ज्या कंपनीनं आधी बोलावलं तिथे गेले. बँकांच्या वतीनं घरकर्जं सांभाळणारी कंपनी होती, आणि माझं काम होतं पाकिटं फोडण्याचं. मैत्रिणी म्हणाल्या, अगं बी.कॉम. होऊन पाकिटं काय फोडतेस? मी म्हटलं, पाकिटात काय असतं ते तरी कळेल. तिथून एस्क्रो विभागात गेले आणि गेल्या वसंतात निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. शेवटी सुपरवायझर होते. या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीबद्दल लिहा' असं सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "आई, एस्क्रोबद्दल कोण वाचणार? इट्स सो बोरिंग." बघू या.

एस्क्रो म्हणजे सोप्या भाषेत असं. तुम्ही कर्जावर घर घेता. घराला वर्षाची घरपट्टी असते, विम्याचा हप्ता असतो. ही दोन्ही देणी वर्षातून एकदोनदा, मोठ्या रकमेनं येतात, आणि माणसाच्या हातात नेमके तेव्हा पैसे नसतात. म्हणून कर्ज देणारा म्हणतो, दर महिन्याच्या हप्त्याबरोबर या दोन्हींचा बारावा भाग माझ्याकडे दे, मी बाजूला ठेवतो आणि वेळ आली की भरतो. त्याच्या पोटात माया आहे म्हणून नाही. घरपट्टी थकली तर घरावर पहिला हक्क गावच्या पालिकेचा लागतो, कर्ज देणाऱ्याचा नाही. विमा नसताना घर जळलं तर त्याचं तारण जळतं. तो स्वतःसाठीच काळजी घेतो, पण त्यात तुमचंही घर वाचतं. ही काळजी प्रत्यक्ष घेणारी माणसं म्हणजे आम्ही. आम्ही काम नीट केलं तर आमची आठवण कुणालाही येत नाही. मला त्या कामाचा अभिमान होता, आजही आहे.

आपली मंडळी या व्यवस्थेला बिचकतात. आपलं बिल दुसरा भरणार, हेच पटत नाही. एक मूळचे नागपूरचे गृहस्थ थंडीत टोपी-मफलर घालून थेट आमच्या लॉबीत आले होते. इथल्या पालिकेकडून त्यांना घरपट्टीच्या कागदाची माहितीपुरती प्रत आली होती. 'हे बिल नाही' असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. यांनी ते वाचलं आणि पैसे भरून टाकले. आम्हीही भरले. मी सांगितलं, दोनदा भरली गेली, पालिका जादाचे परत करेल. ते म्हणाले, "करू दे सावकाश. मला फक्त तुम्ही भरल्याची पावती द्या. शिक्क्याची." आमच्याकडे शिक्का नव्हता, म्हणजे ग्राहकाला द्यायचा नव्हता. मी छापील नोंद काढली आणि आमच्या टपाल विभागातला 'मिळाले' असा निळा शिक्का तिच्यावर मारून दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "आता बरं वाटतंय बघा," म्हणाले. पुढे पाच वर्षं ते दर जानेवारीला येत राहिले. शिक्का मी माझ्याच टेबलावर आणून ठेवला होता.

भाड्यानं दिलेल्या घरांचं काम आणखी बारीक असतं. मालक स्वतः राहत असेल तर विमा एका प्रकारचा, भाडेकरू राहत असतील तर दुसऱ्या प्रकारचा. काही राज्यांत मालक राहत असेल तर घरपट्टीत सूट असते, तो बाहेर पडला की सूट जाते. घर तेच, भिंती त्याच. घरात कोण राहतं, एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरानं सगळं बदलतं. आणि आपल्या लोकांना नेमकं तेच उत्तर सरळ देता येत नाही.

दिगंबरकाकांचा फोन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. मी इंग्रजीत नमस्कार करून नाव सांगितलं.

"सुरेखा? म्हणजे आपल्या मराठी का?"

"हो काका. पण हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की. माझं मराठी चांगलं आहे."

काका औषधांच्या संशोधनातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. घर वेस्ट विंडसरला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. काकूंच्या आजारपणात त्या घरावर पुन्हा कर्ज काढलं होतं. काकू गेल्यावर मुलानं त्यांना आपल्याकडे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला नेलं. घर मात्र काकांनी ठेवलं. आता आमच्या कंपनीचं पत्र आलं होतं, की एक डिसेंबरपासून त्यांचा महिन्याचा हप्ता दोन हजार एकशेदहावरून दोन हजार आठशेवर जाणार.

"तुम्ही माझ्या घराचा विमा काढलात म्हणे. मी सांगितलं होतं का?"

मी खातं उघडलं. विमा कंपनीनं त्यांची पॉलिसी जुलैत रद्द केली होती. रद्द झाल्यावर नवी पॉलिसी आली नाही की कर्ज सांभाळणारी कंपनी स्वतः विमा काढते आणि पैसे ग्राहकाच्या एस्क्रोतून घेते. आम्ही आपसात त्याला लादलेला विमा म्हणायचो. तो तिप्पट-चौपट महाग असतो आणि कर्ज देणाऱ्यापुरतंच, म्हणजे फक्त इमारतीचं रक्षण करतो. आतलं सामान जळलं, कुणी पायरीवरून पडलं, तर त्याला काही देणंघेणं नसतं.

"काका, घरात सध्या कोण राहतं?"

"पोरं राहतात."

"तुमची?"

"आता तसं कसं सांगू? शिकायला आलेली चार पोरं आहेत, भारतातल्या माझ्याच कॉलेजची. रोज गाडीनं न्यू ब्रन्सविकला विद्यापीठात जातात. मला काकाच म्हणतात."

"पैसे देतात?"

"देतात काहीतरी. आपलं लाइट-पाण्याला."

"किती?"

काका खाकरले. मग, "चारशे. प्रत्येकी."

"मग काका, ते भाडेकरू झाले."

"भाडेकरू नका म्हणू हो. तो शब्द वापरून मी त्यांना घरात घेतलेलं नाही. माझी बायको असती तर तिनं डबेसुद्धा दिले असते."

विमा कंपनीला त्यांनी कधी काही कळवलंच नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. कळवण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. घरात घरचीच माणसं राहत होती. मग कंपनीला कळलं कसं? काकांनी त्याच कॉलवर त्या घरातल्या अनिकेतला जोडून घेतलं. तो सांगायला लागला.

"ताई, उन्हाळ्यात एक माणूस बाहेरून फोटो काढत होता, छताचे वगैरे. मी विचारलं कोण, तर म्हणाला इन्शुरन्स. ऊन फार होतं, म्हणून मी आत बोलावलं. चहा दिला."

"मग?"

"मग त्यानं विचारलं, तुम्ही ओनर का? मी म्हटलं नाही, आम्ही चौघं राहतो, ओनर व्हर्जिनियाला. लपवायचं काय होतं त्यात? बिस्किटंपण खाल्ली त्यानं."

"अरे गाढवा," काका म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

"आणि त्यानंतर काकांच्या नावानं पत्रं आली असतील ना?"

"आली की. काकांची टपालं आम्ही उघडत नाही ताई, बरं दिसत नाही. फ्रिजच्या वर गणपती आहे ना, त्याच्या शेजारी ठेवलीत नीट. काका येतील तेव्हा देणार होतो."

विमा कंपनीची दोन पत्रं आणि लादलेल्या विम्याआधी आमच्याकडून जावी लागतात ती दोन, अशी चारही पत्रं गणपतीशेजारी होती. अ‍ॅशबर्नला पोचलं ते फक्त हप्ता वाढल्याचं पाचवं पत्र. मुलगा एका शनिवारी घरी गेला होता, ते टपालपेटीतच होतं, ते त्यानं काढून आणलं.

मुलानंच मग हिशोब मांडला. पोरांचे सोळाशे, वरचे पाचशे काका पेन्शनमधून घालत होते. आता बाराशे घालावे लागणार. तो म्हणाला, बाबा, विकून टाका. घर विकून देणारा एजंट ठरला. दोन आठवड्यांनी शनिवारी घरासमोर विक्रीचा बोर्ड लागणार होता. पोरांना काकांनी अजून सांगितलं नव्हतं. त्यांची परीक्षा डिसेंबरात होती.

"माझं एवढंच म्हणणं आहे," काका म्हणाले, अनिकेतचा फोन ठेवून झाल्यावर, "की ती पोरं परीक्षेच्या तोंडावर रस्त्यावर यायला नकोत. आणि घर जायला नको. त्या घरात आमची तीस वर्षं गेली. होईल का काही?"

मी म्हटलं, बघते. असं म्हणायची आम्हाला परवानगी नव्हती. "आम्ही तपासून कळवू" म्हणायचं असतं.

एक गोष्ट मला खटकत होती. काका गेल्या वर्षीच अ‍ॅशबर्नला गेले होते, मग आमची पत्रं जुन्या पत्त्यावर का जात होती? मी विचारलं.

"मी कळवला होता ना नवा पत्ता! बायकोचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बसून पत्र लिहिलं. झेरॉक्स आहे माझ्याकडे."

मुलाच्या फोनवरून त्यांनी झेरॉक्सचा फोटो पाठवला. सुंदर, सरळ ओळींचं पत्र. कर्जाचा क्रमांक, नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, खाली सही. सगळं इंग्रजीत, कॅपिटल अक्षरांत. आणि सगळ्यात वर, मधोमध, दुहेरी दंडांच्या मध्ये देवनागरीत: ॥ श्री ॥.

मी ते पाहिलं आणि हे पत्र कुठे पडलंय ते मला शोधायच्या आधीच कळलं.

आमच्याकडे येणारा प्रत्येक कागद बाहेरची एक कंपनी स्कॅन करायची आणि विषयाप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत टाकायची. कागदावर इंग्रजीखेरीज दुसरी लिपी दिसली की तो 'इतर भाषा' फोल्डरमध्ये. स्पॅनिश कागद तिथून आमच्या कार्लोसकडे जायचे, तो ते वाचायचा. उरलेले भाषांतराला पाठवायचे असा नियम होता. पण उरलेल्यांत बहुतेक वेळा चुकून आलेलं काहीतरी असायचं. चिनी कॅलेंडर, कोरियन देवळाचं पत्रक, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण. म्हणून कुणी उघडून बघत नसे. महिन्याअखेरीला एक तक्ता भरायचा: 'इतर भाषा, कारवाई बाकी: नाही.' त्याखाली सुपरवायझरची सही.

ती सही माझी होती. लागोपाठ दहा महिने.

फोल्डर उघडलं. एकोणतीस कागद होते. काकांचं पत्र सहावं. वरच्या एका शब्दापायी ते परभाषेत गेलं होतं, आणि बाकी अख्खं पत्र आमच्या ऑफिसातला कुठलाही माणूस वाचू शकला असता. आपल्या सगळ्या घरांत पत्राच्या माथ्यावर श्री लिहितात. माझी आई तीनच वर्षं शाळेत गेली, पण वाण्याच्या यादीवरसुद्धा आधी श्री काढायची. सगळ्या मजल्यावर ती खूण ओळखणारी मी एकटी होते, आणि मीच फोल्डर न उघडता सही केली होती. वीस वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांत ही मला सगळ्यात जास्त लागली.

आता कायद्याची बाजू. लादलेल्या विम्याचे पैसे घेण्याआधी ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत दोन सूचना द्याव्या लागतात, आणि त्या त्यानं कळवलेल्या पत्त्यावर जाव्या लागतात. काकांचं पत्र आमच्याकडे पोचल्याची तारीख स्कॅनवर होती. म्हणजे दोन्ही सूचना चुकीच्या पत्त्यावर गेल्या. म्हणजे ते पैसे आम्हाला घेताच येत नव्हते. पण हे सिद्ध करायचं तर दहा तक्ते आणि त्यांच्यावरच्या सह्या टेबलावर ठेवाव्या लागणार होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मग तक्ते छापून घेतले आणि डेबीकडे गेले.

डेबी आमच्या विभागाची प्रमुख. तिच्यासमोर आधीच एक कागद होता.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. "कॉल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी तुझा कालचा कॉल भाषांतर करून घेतलाय. तू ग्राहकाला अकरा वेळा 'अंकल' म्हणालीस. नातेवाइकाचं खातं हाताळता येत नाही, तुला माहीत आहे."

"तो माझा काका नाही."

"मग काका का म्हणालीस?"

"वयानं मोठा आहे म्हणून."

डेबीनं चष्मा काढला. "माझा नवरा तुमच्या घरी जेवायला आला होता. त्याला काय म्हणायची तुझी मुलगी?"

"काका."

"आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला तो म्हातारा गुजराती?"

"तोही काका. डेबी, या हिशोबानं न्यू जर्सीतली निम्मी खाती मला हाताळता येणार नाहीत."

ती हसली. मग मी तक्ते तिच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. हसणं थांबलं. तिनं पत्र हातात घेतलं, वरच्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"देवाचं नाव. एवढंच. बाकीचं तू वाच."

तिनं वाचलं. सही बघितली, तक्ते बघितले, पुन्हा सही बघितली. "हे तुझ्या नावावर नोंदलं जाईल, सुरेखा."

"नोंदव. पण खात्यावरही नोंदव."

चूक माझी असल्यानं नियमाप्रमाणे खातं कार्लोसकडे गेलं, अखेरचा निर्णय त्यानं द्यायचा. माझ्याकडे राहिलं ते ग्राहकाशी बोलणं. निर्णय काकांच्या बाजूनं झाला तरी तो मागच्या काळापुरता होता. पुढच्या काळासाठी काकांनी स्वतःची खरी पॉलिसी आणायलाच हवी होती, भाड्यानं दिलेल्या घराची. ती आली नाही तर लादलेला विमा चालू राहणार, आणि या वेळी सूचना बरोबर पत्त्यावर जाणार. कोणत्या कंपनीची कुठली पॉलिसी घ्या, हे सांगायला आम्हाला मनाई. आम्हाला काय लागतं एवढं सांगता येतं: नाव, पत्ता, कर्ज देणाऱ्याचं नाव, तारखा, आणि घरात कोण राहतं त्याचं खरं उत्तर.

विम्याच्या एजंटनं काकांकडे भाडेकरार मागितला. काका पुन्हा अडले. या वेळी फोनवर त्यांचा मुलगाही होता.

"पोरांच्या सह्या घेऊ? त्यांच्या आईवडिलांना काय वाटेल? काकानं चहा पाजला आणि मग कागद पुढे केला!"

"बाबा, इट्स जस्ट अ लीज," मुलगा म्हणाला. "आंटी, प्लीज टेल हिम."

"तुम्ही भाडेकरू म्हणून कधी राहिलात का, सुरेखाबाई?" काकांनी विचारलं. बहुधा मी नाही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं.

"पंचवीस वर्षं. एका खोलीत पाच माणसं. वडील वेळेवर भाडं द्यायचे, कागद काहीच नव्हता. मालकानं घरपट्टी भरली नाही तेव्हा आमचं पाणी तोडलं. विचारायला गेले तर म्हणाले, तुमचं नाव कुठं आहे?"

"किती दिवस?"

"चाळीस."

हा कॉलही रेकॉर्ड होतोय हे मला माहीत होतं.

"म्हणजे उद्या मला काही झालं," काका म्हणाले, "तर या पोरांकडे दाखवायला काही नाही."

"काही नाही."

"आणि घरात आग लागली तर त्यांचे लॅपटॉप, पुस्तकं?"

"ते तर करार करूनही तुमच्या विम्यात नाही. भाडेकरूंचा वेगळा विमा असतो, स्वस्तात मिळतो. पण तो काढायला आधी भाडेकरू असावं लागतं."

"हं." मग म्हणाले, "मी स्वतः जातो. फोनवर नाही सांगायचं हे."

ते त्या रविवारी मुलाला घेऊन वेस्ट विंडसरला गेले. पुढचं मला अनिकेतनं सांगितलं, त्याच्या विम्याच्या कागदाबद्दल विचारायला फोन केला तेव्हा. काकांनी येताना श्रीखंड आणलं होतं. आधी जेवणं झाली. मग त्यांनी करार टेबलावर ठेवला आणि म्हणाले, याच्यावर तुमची नावं आहेत, नीट वाचून सही करा, न वाचता केलीत तर फटके देईन. चौघांनी पानन् पान वाचलं. एकानं तर घरी फोन लावून वडिलांना वाचून दाखवलं. करारात भाडं तेच चारशे होतं. "आणि ताई," अनिकेत म्हणाला, "त्यात असंपण लिहिलंय, मालकाच्या नावानं आलेलं टपाल त्याच दिवशी फोटो काढून पाठवायचं. काकांनी स्वतः हातानं घातलंय ते कलम."

सोमवारी विम्याच्या एजंटकडून पॉलिसी आली. मी ती ओळ न ओळ तपासली: नाव बरोबर, पत्ता बरोबर, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव कर्जाच्या क्रमांकासह बरोबर. राहणारे: भाडेकरू. मंगळवारी कार्लोसनं निर्णय दिला. लादलेला विमा आदल्या दिवसापासून बंद, आणि जुलैपासून त्यापोटी धरलेली रक्कम पूर्ण परत, कंपनीच्या खर्चानं. बुधवारी एस्क्रोचा हिशोब पुन्हा झाला. शनिवारी बोर्ड लागायचा होता.

त्याच बुधवारी डेबीनं मला बोलावून लेखी समज दिली. मी ती वाचून सही केली. त्या वर्षीची पगारवाढ गेली. मग आम्ही दोघींनी बसून नवा नियम लिहिला: 'इतर भाषा' फोल्डरमधला प्रत्येक कागद आठवड्याच्या आत एका माणसानं प्रत्यक्ष वाचायचा, आणि वाचणाऱ्यानं तक्त्यावर स्वतःचं नाव लिहायचं. उरलेल्या अठ्ठावीस कागदांत आणखी तीन पत्ते आणि एका मृत्यूची नोंद निघाली. चारही खाती सरळ केली. एका खात्यावर लादलेल्या विम्याची दुसरी सूचना दहा दिवसांवर आली होती.

काकांना मी गुरुवारी फोन केला.

"काका, नवा हप्ता दोन हजार एकशे पंचेचाळीस."

"म्हणजे पस्तीसच वाढले?"

"भाड्याच्या घराचा विमा थोडा महाग असतो. तेवढेच."

"ते मी घालीन," काका म्हणाले. मग फोनपासून तोंड बाजूला करून मुलाला म्हणाले, "त्या घर विकणाऱ्या एजंटला नको म्हणून सांग."

शनिवारी वेस्ट विंडसरला बोर्ड लागला नाही. डिसेंबरात चौघांच्या परीक्षा त्याच घरातून झाल्या. काकांचा त्या महिन्याचा हप्ता पहिल्या तारखेला आला, पूर्ण, आणि घर आजही त्यांच्याच नावावर आहे.